शेरीफची तेरा पेरं

हे कोणी खरं मानणार नाही, ते आधीच सांगून टाकतो. लॉरेल खिंडीत चाळीस वर्षं मी गोष्टी सांगतोय, आणि माझा शब्दन्‌शब्द खरा मानणारा एकच माणूस मला आजवर भेटला. तो विमा विकायला आला होता. जाताना माझ्या मेलेल्या बैलाचा विमा उतरवून गेला.

पण ही गोष्ट निराळी आहे. हिच्यात जे जे अशक्य वाटेल ते सगळं खरं आहे. खोटं काही असलंच, तर ते जिथे तुम्ही बिनघोर मान डोलवाल तिथे असेल.

गेल्या शनिवारी दुपारी आयोनच्या दुकानाच्या ओट्यावर मी ती सांगितली, तशीच इथे उतरवतो. आयोन दारात बसून दोऱ्यात शेंगा ओवत होती, थंडीसाठी वाळवायला. दुकान पूर्वी तिच्या आईचं होतं. आयोन मला काका म्हणते, पण त्यात मान किती आणि चेष्टा किती ते तिलाच ठाऊक. शाळेची बस चालवणारा रॉस्को पायरीवर बसला होता. आणखी दोघे-तिघे होते, पण ते नुसते पाय हलवत होते.

ज्या वर्षी गिरणीजवळचा पूल वाहून गेला, त्या वर्षीची ही गोष्ट.

मोझेल प्रेसनेल तेव्हा खिंडीच्या पार वर राहायची. आमचा रस्ता जिथे संपतो त्याच्याही पुढे मैलभर. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. सफरचंदाचा मुरंबा असा करायची, की चर्चच्या जेवणाला तिची बरणी उघडलेली दिसली की पाद्रीबाबा प्रार्थना आवरती घ्यायचे. आदल्या हिवाळ्यात बर्फाने वरचा रस्ता बुजला आणि ही बाई एकतीस दिवस एकटी अडकली.

"पहिले दहा दिवस मी घड्याळाशी बोलले," ती सांगायची. "पुढचे दहा दिवस घड्याळ माझ्याशी बोललं. मग आमचं भांडण झालं, आणि खरं सांगू, चूक माझीच होती."

सप्टेंबर संपता संपता तिने दुकानात सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "यंदा सुरवंट म्हणेल तसं. पहिली पाच-सहा पेरं काळी निघाली तर मी जॉर्जियाला बहिणीकडे जाते, कायमची. शर्यतीच्या दिवशी मेहुण्याला गाडी घेऊन बोलावलंय. तपकिरी निघाली तर राहते."

आमच्याकडे यात हसण्यासारखं काही नाही. ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी चर्चच्या मागे सुरवंटांची शर्यत होते. एका आडव्या काठीला दोऱ्या बांधलेल्या, तीन हात लांब, प्रत्येकाची एक. आपला सुरवंट दोरीच्या तळाशी लावायचा आणि हात मागे घ्यायचे. फुंकर चालते, टाळ्या चालतात, पाद्रीबाबा लांब असतील तर शिव्याही चालतात. हात लावला की बाद. जो आधी वर पोचेल तो त्या सालचा सुरवंट. त्याला डेल्फा मावशीच्या टेबलावर न्यायचं आणि मावशी त्याची पेरं वाचते. सुरवंटाला पेरं तेरा आणि हिवाळ्याचे आठवडे तेरा. डोक्याकडचं पहिलं पेर म्हणजे नाताळचा आठवडा, तिथून मार्चपर्यंत. काळं पेर म्हणजे बर्फ आणि कडाका, तपकिरी म्हणजे सौम्य. ते फळ्यावर लिहिलं जातं, आणि मग कोणी किती लाकडं फोडायची, किती डुकरं मारायची, कुठल्या नातेवाइकाला नाताळला बोलवायचं नि कुठल्याला येता येणार नाही म्हणून कळवायचं, ते खिंडीतला माणूस ठरवतो. रेडिओवाले सांगतात तेही आम्ही ऐकतो, करमणूक म्हणून.

तर मोझेलने सांगून टाकलं, आणि दुसऱ्या दिवशी हॉबर्ट ग्रीअर माझ्या घरी आला.

हॉबर्ट छपरांच्या फळ्या तासायचा. वय छप्पन्न, बिनलग्नाचा, उंच, आणि तोंडाने असा बंद की त्याच्या कुत्र्याला भुंकायचं शेजाऱ्यांकडे जाऊन शिकावं लागलं. मोझेलला "कसं काय" म्हणायला त्याला अकरा वर्षं लागली होती. त्यातली पाच तिचा नवरा जिवंत असतानाची, म्हणून ती सोडून देऊ.

तो खुर्चीत बसला. पाऊण तास बसला. मग म्हणाला, "आर्विल, जॉर्जिया लांब आहे."

हॉबर्टच्या मानाने हे भाषण होतं.

"मग आत्ता वर जा आणि विचार तिला," मी म्हणालो.

"काय विचारू?"

"लग्न करतेस का म्हणून."

त्याने टोपी काढली, आत बघितलं, परत घातली. "असं एकदम कसं विचारतात? आधी हवेबद्दल बोलावं लागतं. मग लाकडांबद्दल. मग तिच्या छपराबद्दल. मग कुठे..."

"किती दिवस लागतील?"

त्याने बोटं मोजली. "फेब्रुवारीपर्यंत होईल."

"शर्यतीला तीन आठवडे आहेत."

"तेच तर म्हणतोय," हॉबर्ट म्हणाला आणि असा केविलवाणा दिसला की मी त्याला आदल्या दिवशीची कडवट कॉफी गरम करून दिली, आणि ती त्याने कुरकुर न करता प्याली.

म्हणजे गरज एकाच गोष्टीची होती. तपकिरी सुरवंट जिंकायला हवा. सुरवंट कुठे मिळतात ते आमच्याकडे कोणाला सांगायला नको. ऑक्टोबर लागला की ते सगळे रस्त्यावर असतात. डावीकडचे उजवीकडे निघालेले, उजवीकडचे डावीकडे. थंडीसाठी जागा शोधतात म्हणे. एकमेकांना विचारलं असतं तर दोघांची पायपीट वाचली असती. बोटाच्या दोन पेरांएवढा जीव, अंगावर ताठ केस, बाटली धुवायच्या ब्रशासारखा, दोन्ही टोकं काळी आणि मधे गंजाच्या रंगाचा पट्टा. हा खाजरा नव्हे. पोरं खिशात घालून फिरतात. जरा हात लागला की गोल गुंडाळी होऊन मेल्याचं सोंग घेतो.

हॉबर्टने पावाच्या डब्यात त्रेसष्ट सुरवंट जमवले. त्यांना रस्त्याकडेच्या तणाची कोवळी पानं घातली आणि अंगणात कपड्यांच्या दोरीवर एकेकाची परीक्षा घेतली. तेव्हा त्याला कळलं की जो जितका तपकिरी, तो तितका आळशी.

"हे काय कुठे सिद्ध झालंय, काका?" आयोनने विचारलं.

"हॉबर्टच्या अंगणात झालंय. त्रेसष्टांवर."

शेवटी त्याने एक निवडला. अकरा पेरं तपकिरी, टोकाला एकेक काळं. नाव ठेवलं बिस्किट. बिस्किट चढायचा बरा, पण मधेच थांबायचा आणि डोकं हवेत उचलून डावी-उजवीकडे बघत राहायचा, जणू आपण कशासाठी निघालो ते आठवतोय. मी हॉबर्टला म्हणालो नाही, पण मालकावर गेला होता.

आता माझी चूक सांगतो. शर्यतीच्या आदल्या आठवड्यात मी गिरणीकडून येत होतो. समोरून ओंडक्यांचा ट्रक आला, आणि त्याच्या पुढून एक सुरवंट रस्ता ओलांडत होता. ट्रक भरधाव. सुरवंटाने एकदा ट्रककडे बघितलं आणि पलीकडे पोचला. ट्रकवाल्याने गाडी थांबवून मला विचारलं, ते काय होतं?

"बघितलं?" रॉस्को म्हणाला. "ट्रककडे बघितलं त्याने?"

"तुझ्या बसकडे बघितलं नसतं. तो ट्रक होता."

त्याचं नाव मी शेरीफ ठेवलं. डोक्याकडून मोजलं तर सहा पेरं डांबरासारखी काळी, मग सहा तपकिरी, आणि शेपटीला एक काळं. म्हणजे नाताळपासून सहा आठवडे बर्फच बर्फ. म्हणजे जॉर्जिया. मला दिसत नव्हतं असं नाही. पण तोवर मी एकतीस वर्षं शर्यतीत उतरत होतो आणि एकतीस वर्षं हरत होतो. एकदा तर माझा सुरवंट खाली चढला होता. मित्रासाठी माणूस जीव देईल हो, पण असा सुरवंट हातात आल्यावर परत गवतात सोडेल, असं मी तरी छातीठोकपणे सांगू शकत नाही. मनाची समजूत घातली की दोऱ्या चाळीस आहेत, कोणीतरी हरवेलच याला.

शर्यतीच्या दिवशी सगळी खिंड लोटली होती. मोझेल निळी टोपी घालून आली होती, आणि चर्चच्या बाजूला तिच्या मेहुण्याची गाडी उभी होती. मागे तिची पेटी, दोन खुर्च्या, शिवणयंत्र, वर दोरी आवळून बांधलेली. ती गाडी दिसत नसेल अशी जागा हॉबर्ट शोधत होता आणि त्याला ती सापडत नव्हती.

पाद्रीबाबांनी रुमाल खाली टाकला. बिस्किट निघाला, आणि काय सांगू, आधी तोच पुढे. हॉबर्टने ओठ बाहेर काढून अशी फुंकर धरली होती की त्याचा चेहरा बीटासारखा झाला. माझा शेरीफ तळाशी अजून गुंडाळी करून पडलेला. मला इतकं हायसं वाटलं की मी शेजाऱ्याला तंबाखू दिली.

मग शेरीफ उलगडला.

तो दोरीवर चढला असं म्हणायचं म्हणून म्हणतो. दोरीच त्याच्याखालून निघून गेली. दोरीला धूर यायला लागला.

"धूर," आयोन म्हणाली.

"थोडासा."

वर पोचायला एक वीत उरली असताना बिस्किट थांबला. डोकं उचललं. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. माणसं ओरडतायत, हॉबर्टची फुंकर संपलेली, आणि शेजारून शेरीफ वर येतोय. स्वतःच्याच सुरवंटाला "हळू जा रे बाबा" म्हणून विनवणारा मालक त्या मैदानाने तोवर बघितला नव्हता. मी काठीपाशी उभा राहून वरून खाली फुंकर मारली, त्याला मागे लोटायला. त्याला वाटलं वारा सुटला, लवकर आसरा गाठावा. त्याने शेवटची वीत अशी घेतली की काठीवर आदळला.

मी जिंकलो होतो. लोक माझ्या पाठीवर थापा मारत होते, आणि हॉबर्ट त्या गाडीकडे बघत होता. मोझेलने टोपीची नाडी सोडून परत बांधली. तिने काही ती सैल झाली म्हणून सोडली नव्हती.

रिवाज असा, की जिंकणाऱ्याने स्वतः सुरवंट टेबलावर न्यायचा. मी शेरीफला उचलला, तो लगेच हातात गुंडाळी झाला. डेल्फा मावशी तेव्हा नव्वदीला टेकली होती. चव्वेचाळीस वर्षं तीच वाचत होती, आणि एका चष्म्यावर दुसरा चष्मा लावून बसायची. तिच्या तळहातावर मी गुंडाळी ठेवली. टेबलाच्या एका बाजूला मी, समोर हॉबर्ट, मावशीच्या मागे खांद्यावरून वाकलेली मोझेल. वाचन सुरू झालं की मावशी आमेन म्हणेपर्यंत कोणी बोलायचं नाही. जो बोलेल त्याला सात वर्षं शर्यतीत जागा नाही. मावशीच्या सख्ख्या भावाला तिने बंदी घातली होती, शिंकला म्हणून.

शेरीफ सावकाश उलगडला. अंगठ्याकडे एक टोक, करंगळीकडे दुसरं. दोन्ही काळी, दोन्ही केसाळ, दोन्ही सारखीच बोथट. मावशीने अंगठ्याकडून बोट ठेवलं.

"काळं," ती म्हणाली. आयोनच्या आईने फळ्यावर लिहिलं.

"तपकिरी."

मी खाली वाकून बघितलं. सुरवंटाचे पुढचे सहा पाय खरे असतात, बारीक, टोकदार, आकड्यासारखे. मागचे नुसते मांसल खुंट. आकडे करंगळीकडे होते. मावशी शेपटीकडून वाचत होती.

"तपकिरी. तपकिरी."

मोठा विचित्र प्रसंग होता. जन्मभर मी लोकांना नाही ते सांगितलं, आणि त्या दिवशी, सगळ्या खिंडीत, खरं काय ते मला माहीत होतं. ते जिभेवर आलं होतं. त्याची चव काही विशेष नसते. मी ते गिळलं आणि हॉबर्टकडे बघितलं.

हॉबर्टनेही पाय बघितले होते. हे कळायला वेळ लागला नाही, कारण त्याचे कान पेटले होते. आता हॉबर्टचं तोंड बंद असणं यात नवल नाही, पण एरवी ते आपोआप बंद असायचं. त्या दिवशी त्याने ते धरून ठेवलं होतं. या माणसाने एकदा पाद्रीबाबांच्या बायकोला तोंडावर सांगितलं होतं की तुमच्या मक्याच्या पावाने माझा दात हलला. त्याला खोटं येत नाही. गप्प राहूनसुद्धा येत नाही.

"तपकिरी, तपकिरी, तपकिरी," मावशीने सहा पुरे केले. "मग काळी सहा. पहिला आठवडा जड, मग फेब्रुवारीचा पहिला आठवडा सरेपर्यंत मोकळं, मग मार्चपर्यंत बर्फ. आमेन."

कोणीतरी टोपी उडवली. मोझेल गाडीपाशी गेली आणि मेहुण्याला म्हणाली, "डॅलस, माझी पेटी उतरव. तुझ्यासाठी मुरंब्याच्या दोन बरण्या आहेत, पुढच्या सीटवर ठेव, सांडतील नाहीतर."

"मी तीनशे मैल आलोय मोझेल," तो म्हणाला.

"म्हणून तर दोन."

मग हिवाळा आला. नाताळच्या आठवड्यात कडाक्याचा बर्फ पडला, आणि नव्या वर्षाला तो असा वितळला की ओढ्याकाठी बेडूक बाहेर आले. सहा आठवडे रस्ता मोकळा. दर रविवारी चर्च सुटलं की हॉबर्ट वर जायचा. पहिल्या रविवारी हवा. दुसऱ्या रविवारी लाकडं. तिसऱ्या रविवारी छप्पर, आणि चौथ्या रविवारी बोलायला काही उरलं नाही म्हणून तो छपरावर चढून ते दुरुस्त करून आला. पाचव्या रविवारी तिने त्याला मुरंबा दिला आणि त्याने आभार मानले, म्हणजे एक आठवडा तिथे गेला. सहाव्या रविवारी तो विचारणारच होता. फेब्रुवारीची आठवी तारीख. वर जायला कोट घालून स्वतःच्या दारात उभा राहिला आणि आभाळातून बर्फाचा पहिला कण पडला.

"मग?" रॉस्को म्हणाला.

"मग सहा आठवडे पडतच होता."

शेपटीकडून वाचलेलं सगळं जसंच्या तसं घडलं. मावशी चर्चमध्ये चालताना छाती पुढे काढून चालायला लागली. चव्वेचाळीस वर्षांत इतकं नेमकं वाचन झालं नव्हतं. यावर खिंडीत दोन पक्ष आहेत, पण दुसऱ्या पक्षात आम्ही दोघेच असल्यामुळे कोणाला कळलं नाही.

हॉबर्टला मात्र अन्न गोड लागेना. मोझेल वर अडकली, एकटी, घड्याळाबरोबर, आणि तिला जॉर्जियात असायला हवं होतं. ती जायची राहिली कारण तो गप्प बसला. दोन आठवड्यांनी तो माझ्या दारात आला, कमरेपर्यंत पांढरा. "शेरीफ कुठाय?" म्हणाला.

शेरीफ माझ्या मागच्या पडवीत होता, बरणीत, पालापाचोळ्यात. घरात ठेवला असता तर मेला असता. त्याला थंडीच लागते. मी बरणी उलटी केली. टेबलावर खडा पडावा तसा टणकन आवाज झाला. हॉबर्टने टोपी काढली.

"मेला नाही," मी म्हणालो. "गोठलाय. आतून-बाहेरून बर्फ. उन्हाळा लागला की उठेल."

"हे मात्र खोटं हं, काका," आयोनने शेंगांची माळ खाली ठेवली. "ट्रक मी सोडला, धूर सोडला. पण गोठलेला जीव परत उठत नाही. आमची कोंबडी उठली नाही."

"कोंबडीला ते येत नाही. हा अंगात काहीतरी गोड पातळसर द्रव तयार करतो, गाडीतलं पाणी गोठू नये म्हणून घालतात तसलं. म्हणून फुटत नाही. दर वर्षी गोठतो, दर वर्षी उठतो."

"ट्रक जास्त पटण्यासारखा होता," रॉस्को म्हणाला. यावरून कळेल की माझा धंदा किती कठीण आहे.

हॉबर्टने तो काळा खडा लोकरीच्या हातमोज्यात घातला आणि त्या बर्फातून वर गेला. चार मैल. पुढचं त्याने मला सांगितलं. सांगायला त्याला दोन वर्षं लागली, म्हणून मी आवरून सांगतो.

मोझेलने दार उघडलं. तो आत आला, आणि हवा, लाकडं, छप्पर सगळं टाकून उभ्या उभ्या म्हणाला, "मोझेलबाई, तो सुरवंट उलटा वाचला. डोकं दुसरीकडे होतं. मला दिसलं होतं. मी बोललो नाही. तुम्ही इथे असायला नको होतं."

असं म्हणून त्याने पुरावा म्हणून हातमोजा टेबलावर झटकला. पण चार मैल त्याने तो मुठीत धरला होता, आणि हॉबर्टचा तळहात शेगडीसारखा. टेबलावर खडा पडलाच नाही. एक ओला, विस्कटलेला सुरवंट पडला. त्याने अंग ताणलं आणि काळं टोक पुढे करून साखरेच्या भांड्याकडे चालू लागला.

दोघांनी त्याला भांड्यापर्यंत जाऊ दिलं.

"हे डोकं," हॉबर्ट म्हणाला.

"माहीत आहे," मोझेल म्हणाली. "मावशीच्या खांद्यावरून मला पाय चांगले दिसत होते. तुझे कानही."

हॉबर्टने टेबलाची कड धरली. "मग राहिलात कशाला?"

"बोलले असते तर सात वर्षं बंदी आली असती."

"तुम्ही कधी शर्यतीत उतरता?"

"नाही उतरत," मोझेल म्हणाली. "हॉबर्ट, तू पाच आठवड्यांत लाकडांवरून छपरापर्यंत आलायस. मी काही तरुण नाही. पुढचं बोलायचं असेल तर बोल, नाहीतर त्या बिचाऱ्याला बाहेर थंडीत ठेव, उगाच उपाशी मरेल."

हॉबर्टने आधी सुरवंटाला बाहेर ठेवलं, कारण तो रीतीचा माणूस आहे. पण परत आल्यावर बोलला. किती बोलला ते त्याने सांगितलं नाही. मोझेल म्हणते, चार शब्द, त्यातला एक खोकला होता.

लग्न मार्चमध्ये लागलं. बर्फ खिडक्यांपर्यंत. घोड्याच्या घसरगाडीतून मोझेलला खाली आणलं. हॉबर्टने शेरीफ परत माझ्याकडे आणून दिला होता, आणि ज्याच्यामुळे हे जुळलं त्याला सोडून कसं जायचं, म्हणून मी बरणी घेऊन पहिल्या बाकावर बसलो. चर्चमधल्या शेगडीची ऊब लागली असेल. पाद्रीबाबा म्हणाले, अंगठी द्या. हॉबर्टने सगळे खिसे चाचपले. आणि माझ्या मांडीवर बरणीत काहीतरी फडफडलं. मी झाकण काढलं. शेरीफ बाहेर आला. सुरवंट नव्हे, पतंग. केशरी-पिवळे पंख, त्यांवर काळे ठिपके, पोटाशी लाल छटा. तो सावकाश उडाला, सगळ्यांच्या डोक्यांवरून गेला, आणि मोझेलच्या ओढणीवर, बरोबर कपाळापाशी बसला, दागिना बसवावा तसा. अंगठी सापडेपर्यंत तो हलला नाही. पाद्रीबाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. मीही रुमाल काढला.

इथे ओट्यावर पाय हलवणाऱ्यांचे पाय थांबले. रॉस्कोने नाक ओढलं. आयोनसुद्धा शेंग हातात धरून समोर बघत राहिली होती, आणि मला वाटलं, चाळीस वर्षांत एकदा तरी जमलं.

तेवढ्यात मागे जाळीचं दार उघडलं. मोझेल ग्रीअर दुकानात कॉफी दळून घेत होती हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तिने पुडी काखेत धरली आणि माझ्याकडे असं बघितलं, की मी खुर्ची थोडी मागे घेतली.

"आर्विल," ती म्हणाली, "तो पतंग मे महिना संपता संपता तुझ्या बरणीतून निघाला, ते मला तूच दाखवायला आला होतास. आणि लग्नाला तू आलाच नव्हतास. तुझी गाडी गिरणीपाशी बर्फात रुतली होती, आणि नवरदेव फावडं घेऊन तुला उकरायला गेला म्हणून आमचं लग्न तासभर उशिरा लागलं."